बाळाचे ठोके

लग्न होऊन काशीत दूधविनायक मोहल्ल्यात आले तेव्हा माझ्या गालांवरचे लाल चट्टे उन्हामुळे असतील, असंच सगळ्यांना वाटलं. पुढे सांधे दुखायला लागले, केस गळायला लागले. मूल राहीना म्हणून रक्त तपासलं, तेव्हा कळलं की हा ल्युपस आहे, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी सहा महिने आजार शांत राहू दे. मग बाळाचं बघू. आणि उन्हात अजिबात जायचं नाही."

नेमकं त्याच भाद्रपदात सासूबाईंनी लोलार्क कुंडाच्या स्नानाचा विषय काढला. काशीत मूल हवं असलेली जोडपी भाद्रपदातल्या षष्ठीला तिथे सूर्यासाठी बुडी मारतात. रांग तासन् तास उन्हात असते. मी नाही म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

पुढच्या वर्षी गोळ्यांनी आजार शांत झाला आणि दिवस राहिले. स्टेरॉइडनं माझा चेहरा सुजला होता. शेजारीण म्हणाली, "बहू का चेहरा भर गया है, लड़की होगी।" मी हसले. त्या दिवसांत मी खरंच सुखात होते.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं. ठोके ऐकू आले आणि मला रडू फुटलं. त्या मात्र घड्याळाकडे बघत होत्या.

"हे तुमचे ठोके आहेत का बघते," म्हणून त्यांनी माझी नाडी धरली. माझे ठोके भराभर पडत होते. यंत्रातले सावकाश, एक पडला की दुसऱ्याची वाट बघायला लावणारे.

"बाळाचे ठोके तुमच्यापेक्षा जलद हवेत. तुमच्या रक्तातलं काहीतरी त्याच्या हृदयाला बाधतंय," त्या म्हणाल्या.

गोळ्या वाढवल्या. तीन आठवडे मी श्वास रोखून पडून राहायचे, जणू पोटातून काही ऐकू येईल. एका सकाळी पोट नुसतंच जड लागलं.

मुलगी होती. मला दाखवली नाही. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. नवरा आणि दीर संकठा घाटावरून नाव करून गेले. गंगेत कुठे सोडली, ते मी विचारलं तर नवरा म्हणाला, "मधोमध." पुन्हा विचारलं तेव्हा तो उठून बाहेर गेला.

पुढे मूत्रपिंडांवर सूज आली आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा प्रयत्न करू नका म्हणून सांगितलं. मी शाळेत शिकवायला लागले. घाटाकडच्या गल्लीनं जाणं मात्र जमेना. वर्गात मुलं गप्प झाली की कान आपोआप टवकारायचे. घरात सासूबाईंनी त्या स्नानाचा विषय एकदाही काढला नाही. त्यांनी एकदा तरी बोलून दाखवावं, असं मला वाटायचं. मग मला भांडता आलं असतं.

दोनेक वर्षांनी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मी घेतली होती गं तिला. दुपट्यात मीच गुंडाळली."

माझे हात थांबले. "कशी होती, आई?"

"केस होते. काळेभोर," त्या म्हणाल्या. "तुझे गळायच्या आधी होते ना, तसे."