अजीजुन्निसा बाईंचा राजीनामा

आमच्या शाळेत इंग्रजीला बाई आल्या तेव्हा जालना जिल्हा नवाकोरा होता आणि बाईसुद्धा. जिल्हा औरंगाबादेपासून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि बाई नुकत्या बी.एड. होऊन अंबडहून रोज एस.टी.ने आमच्या गावी यायला लागल्या होत्या. नाव अजीजुन्निसा. हेडमास्तरांना ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. आम्ही नववीच्या मुली नुसतं 'बाई' म्हणून मोकळ्या झालो.

बाईंचे वडील बदरोद्दीन अंबडच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. घरी बोलणं उर्दू, शाळा उर्दू, पेपर उर्दू. मराठी बाई शिकल्या त्या भाजीबाजारात आणि एस.टी.च्या सीटवर. ती भाव करायला, भांडायला आणि बायकांची दुखणी विचारायला पुरेशी होती. वर्गात अडलं की त्या आम्हालाच विचारायच्या, आणि आम्हीही मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

बाईंना एकच व्यसन होतं, जड इंग्रजी शब्दांचं. पुस्तकातले सोपे शब्द त्या कर्तव्य म्हणून शिकवत; जड शब्द मात्र जीव लावून. इंग्रजी-उर्दू डिक्शनरीतून शब्द शोधायच्या, आठवडाभर स्वतः तो घोळवायच्या आणि शनिवारी सकाळच्या शाळेत आमच्यापुढे ठेवायच्या. त्यांचे नियम दोन. शब्द पाठ करायचा नाही, गावातल्या कुठल्या तरी जित्या माणसावर लावून बघायचा. आणि त्या माणसानं अर्थ विचारला तर खरा सांगायचा.

पहिला नियम आम्हाला फार आवडला. 'गॅर्युलस' म्हणजे तोंडाची टकळी चालूच असणारी. तो मी माझ्या चतुराबाई आत्याला लावला. आत्याला वाटलं, ही काहीतरी पदवी आहे. तिनं ती बातमी गल्लीभर दारोदार जाऊन सांगितली आणि शब्द किती बरोबर बसला ते आपणहून सिद्ध केलं. 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी, मी आमच्या आजोबांना दिला, 'फ्रूगल', म्हणजे काटकसरी, आईला. दुसरा नियम मात्र आम्ही सगळ्याजणी सोयीनं विसरायचो. कोणी अर्थ विचारला की म्हणायचं, चांगलाच आहे.

तो पाळणारी एकटी बेबीनंदा. माझी शेजारीण, माझ्याच बाकावरची, आणि खोटं बोलायची अक्कल देवानं तिला दिलीच नव्हती.

बेबीनंदाचे चुलते रखमाजी हे आमच्या शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या खोल्या त्यांनीच बांधून घेतल्या होत्या, पण प्रत्येक खोलीवर स्वतःचं नाव असलेली फरशीही बसवून घेतली होती, आणि येता-जाता ती मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. तेव्हा 'पॉम्पस' हा शब्द आला त्या शनिवारी बेबीनंदाला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. जेवताना ती म्हणाली, "काका, तुम्ही पॉम्पस आहात." काका खूश झाले. नुसतं खूश होऊन थांबले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. दुसऱ्या आठवड्यात गावात बँकेच्या शाखेचा कार्यक्रम होता. तिथं भाषणात ते म्हणाले की मी साधा शेतकरी गडी, पण शिकलेले लोक मला इंग्रजीत पॉम्पस म्हणतात. हेडमास्तरांना खोकला आला. बँकेचे साहेब जालन्याचे होते, त्यांनी हसू रुमालात धरलं.

रखमाजी काकांनी तो रुमाल पाहिला. घरी येऊन त्यांनी बेबीनंदाला अर्थ विचारला, आणि तिनं तो सांगितला. नुसता बडेजाव मिरवणारा.

शनिवारी काका तणतणत शाळेत आले. बाईंना ऑफिसात बोलावलं आणि सगळ्या मास्तरांच्या देखत म्हणाले, "सोमवारी सकाळी तुमचा राजीनामा माझ्या टेबलावर पाहिजे." दार उघडंच होतं, त्यामुळं ते अख्ख्या शाळेनं ऐकलं. बेबीनंदा बाकावर डोकं ठेवून रडायला लागली.

आणि बाई वर्गात आल्या त्या हसत. चेहरा फुललेला. आम्हाला म्हणाल्या, सेक्रेटरीसाहेब बडे दिलाचे आहेत, मला वाटलं होतं आज नोकरी गेलीच, पण त्यांनी फक्त राजीनामा मागितला. वालिदसाहेबांना विचारून अगदी बराबर लिहून आणते. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. मला तर रागच आला. आम्ही इथं जीव टाकतोय आणि या बाईंना जायचा आनंद झालाय. जालन्यात दुसरी मोठी नोकरी लागली असणार, असं मी बेबीनंदाला सांगूनही टाकलं. मला असल्या गोष्टी फार लवकर कळायच्या.

सोमवारी बाईंनी बेबीनंदाला ऑफिसात बोलावलं, कारण कागदात तिचाही उल्लेख होता. ती एकटी जाईना म्हणून मीही गेले. काका खुर्चीत ताठ बसलेले. बाईंनी इंग्रजीत लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. काकांनी तो हेडमास्तरांना मराठीत करून वाचायला सांगितला.

हेडमास्तर वाचायला लागले. वर मथळा होता राजीनामा. खाली पक्षकार एक, संस्थेचे सेक्रेटरी, आणि पक्षकार दोन, इंग्रजीच्या बाई. भांडणाचं कारण असं की एक शब्द मुलीच्या तोंडून 'इनॲडव्हर्टंटली', म्हणजे मनात वाईट नसताना, गेला. अट अशी की पक्षकार दोन इथून पुढं मुलींना माणसावर लावायला आधी चांगले शब्द देतील, वाईट नंतर. पक्षकार एक हे 'मॅग्नॅनिमस' असल्यानं त्यांनी राग सोडला आहे. शेवटी दोघांच्या सह्यांना जागा आणि साक्षीदारांनाही.

हेडमास्तर थांबले. म्हणाले, "साहेब, हा काही राजीनामा न्हाई."

काकांनी कागद आपल्याकडं ओढून सह्यांच्या जागा पाहिल्या. त्यांची प्राथमिक शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. मग म्हणाले, "राजीनामाच आहे. अंबडच्या कोर्टातला आहे. बांधाच्या भांडणात आमच्या बापानं असाच लिहून दिल्ता. दोन्हीकडचे राजी झाले, म्हणून राजीनामा. नोकरी सोडायची असली त उर्दूत इस्तीफा म्हणतेत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. काका हे सगळं कशाला सांगतायत, हेच त्यांना उमगलेलं नव्हतं. त्या सहीसाठी पेन उघडून उभ्या होत्या.

काकांनी विचारलं, "मॅग्नॅनिमस म्हंजी?"

"दर्यादिल," बाई म्हणाल्या.

"मंग शाळेचा पहिला शब्द, पॉम्पस, खरा का हा दुसरा?"

"ते तुमच्या सहीवर आहे, साहेब."

बाईंनी हे चतुराई म्हणून म्हटलं नव्हतं. सहीशिवाय कागद पक्का होत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण काकांना ते भिडलं. त्यांनी पेन घेतलं आणि सही ठोकली. ती सहीसुद्धा पॉम्पसच होती, साक्षीदाराची जागा खाऊन खाली उतरली. साक्षीला आलेल्या पुंजाराम शिपायाला कडेला अंगठ्याएवढी जागा राहिली.

बाहेर पायऱ्यांवर बेबीनंदानं बाईंना राजीनाम्याचा मराठीतला अर्थ सांगितला. सांगणारच ती. बाई मटकन खाली बसल्या. आधी हसल्या, पोट धरून, आणि हसता हसता रडायला लागल्या. म्हणाल्या, "कळलं असतं ना, तर मी भिऊन खरंच इस्तीफा लिहून दिला असता." आम्ही दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो. एवढ्या मोठ्या बाईला काय म्हणून समजवायचं ते मला सुचेना, म्हणून मी त्यांच्या पर्सचा पट्टा धरून बसले. पुढच्या शनिवारपासून बाई आम्हाला एक जड इंग्रजी शब्द देत आणि बदल्यात आमच्याकडून एक जड मराठी शब्द घेत. तो त्या हेडमास्तरांवर लावून बघत.

वर्षं गेली. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत पत्रव्यवहार बघायला लागले, आणि परदेशी पत्रांतले शब्द बघून घाबरले नाही ते बाईंमुळं. कुठलाही नवा शब्द आला की अजूनही मी तो आमच्या मॅनेजरवर लावून बघते. अर्थ त्यांनी अजून विचारलेला नाही. बेबीनंदा त्याच शाळेत मराठी शिकवायला लागली. पुढचं तिनं मला सांगितलेलं.

बदरोद्दीनचाचांना लकवा झाला. बाई एकुलत्या एक, त्यांच्याशिवाय घरात करणारं कोणी नाही. शाळा हे बाईंचं सगळं होतं, पण वडीलही होते. आठवडाभर त्यांनी कसंतरी रेटलं आणि एका संध्याकाळी रखमाजी काकांच्या घरी आल्या. काका आता थकले होते, पण सेक्रेटरी तेच. बाईंनी कागद पुढं केला. मथळा राजीनामा, आणि या वेळी आतही खरोखर तोच. शुद्ध मराठीत, एक चूक नाही. बेबीनंदा चहा घेऊन आली तेव्हा काका चष्मा लावून तो वाचत होते.

त्यांनी पेन मागितलं आणि बाईंच्या सहीखाली आपली सही केली. म्हणाले, "झाला राजीनामा."

बाई म्हणाल्या, "साहेब, हा तो नाही. हा मराठीतला आहे."

"मला उर्दूतलाच येतो," काका म्हणाले. "दोघांच्या सह्या झाल्या, दोघं राजी. वडिलांचं करा. ते उठून बसले की शाळेत या."

बाई पदर तोंडाला लावून रडल्या, आणि काकांनी त्यांना रडू दिलं. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज बेबीनंदानं लिहिला. दिवाळीनंतर बदरोद्दीनचाचा काठी धरून दारापर्यंत यायला लागले, आणि बाई सकाळच्या एस.टी.तून पुन्हा आमच्या गावी उतरल्या. पुढं रिटायर झाल्या त्या त्याच शाळेतून.

तो कागद काकांनी परत दिला नाही, फाईललाही लावला नाही. बेबीनंदानं तो पाहिलाय. ती म्हणते, त्यावर काकांची सही इतकी बारीक आहे की शोधावी लागते.