भिंतीकडेची पांढरी भुकटी

परवा नेऱ्याला नातीच्या शाळेत गेले, तर पेस्ट कंट्रोलचा वास नाकात शिरला आणि मी मनाने थेट पौडजवळच्या माझ्या जुन्या शाळेत जाऊन पोचले.

हिवतापवाले नुकतेच भिंतींवर डीडीटी मारून गेले होते आणि गुरुजी मीटिंगला पौडला. भिंतीकडेला पांढरी भुकटी साचलेली, तिच्यात ढेकूण उताणे पडलेले. ढेकूण मरतात तर उवाही मरतील, असं आम्हा पोरींना वाटलं. ओळीने बसून आम्ही ती भुकटी एकमेकींच्या केसांत चोळू लागलो. काय खूश होतो!

शेजारची शरीफाचाची शाळेचा माठ भरायला आली. तिने घागर तिथेच टाकली.

“अगं, ढेकणं मेली की ह्यानं! तुमी काय दगडाच्या हाय व्हय?”

दंडाला धरून तिने आम्हाला आपल्या परसात नेलं. पाणी तापवून, शिकेकाईने एकेकीचं डोकं खसाखसा धुतलं. फुकटचं औषध वाया घालवलं म्हणून आम्ही रडलो, तिच्यावर चिडलोही. घरापुढच्या दुकानातून तिचा नवरा हाका मारत होता. ती मात्र दिवस कलेपर्यंत फणीने आमच्या उवा काढत बसली.

आता पिकलेले केस विंचरतानाही मला तिची बोटं आठवतात. डीडीटी किती वाईट, हे मला फार पुढे कळलं. चाचीला ते कुणीच सांगितलं नव्हतं. तिने फक्त मेलेल्या ढेकणांकडे पाहिलं, आणि मग आमच्याकडे.