ऑक्टोबरची कात्री

मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली तेव्हापासून आमच्या घरात दोन हवामानं नांदतात. मे महिन्यात पिंपळगाव बसवंतला मी पंख्याखाली बनियनवर बसून तिला फोन लावायचो आणि ती कानटोपी घालून समोर यायची. डिसेंबरात मी मफलर गुंडाळून बागेत उभा, तर ती उन्हाने लालबुंद. 'उलट्या देशात दिली पोरगी,' असं मी बायकोला चिडवायचो, कारण स्थळ तिने पसंत केलं होतं.

म्हणजे पृथ्वीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला ऋतू उलटे असतात, हे मला चांगलं माहीत होतं. शाळेत शिकलो होतो आणि पुढे रोज फोनवर बघत होतो. त्यामुळे जे झालं ते अज्ञानातून झालं, असं म्हणायचीही सोय नाही.

तिथे घर घेतल्यावर तिने मागच्या अंगणात, कुंपणाच्या कडेला, नर्सरीतून आणून द्राक्षाची एक वेल लावली. 'नाना, आता तुम्ही सांगाल तसं करायचं,' म्हणाली. मला बरं वाटलं. लहानपणी ती बागेत विरळणीला बसायची तेव्हा मी तिला उठवून लावलं होतं. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढले तर उरलेले फुगतात, म्हणून निम्मे मणी सरळ उडवायचे असतात. हिला एकेका मण्याची दया यायची. बायका चार घड उरकायच्या तोवर ही एकाच घडाशी बसलेली. 'तुला नाय जमायचं,' असं म्हणून मी तिला घरी पाठवलं होतं. तिला ते लागलं होतं, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते ठाऊक होतं.

वेल तारेवर चढली, तसं मी तिला आमचं वेळापत्रक दिलं. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून नुसत्या काड्या तयार करून घ्यायच्या. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्या काड्यांवर घड येतात आणि फेब्रुवारी-मार्चला माल निघतो. तिच्या भागातही द्राक्षं फेब्रुवारी-मार्चलाच बाजारात येतात, असं तिने सांगितलं आणि मी तिथेच फसलो. माल एका वेळी निघतो म्हणजे कात्रीही एका वेळीच लागत असणार. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही.

पहिल्या ऑक्टोबरमध्ये ती फोनवर म्हणाली, 'नाना, घड दिसतायत हो. बारीक बारीक.'

'दिसू दे. छाटणीच्या आधी निघत्यात ते फालतू असत्यात. उडव.'

'सगळे?'

'सगळे. दया नको दाखवू. तुझी जुनी खोड हाय ती.'

तिने उडवले. फेब्रुवारीत वेलीवर पानंच पानं. दुसऱ्या वर्षीही तेच. मधे एकदा जुलैमध्ये ती घाबरून म्हणाली होती, की सगळी पानं गळून गेली. आमच्याकडे वेल अशी उघडी पडते ती रोगाने नाहीतर हयगयीने. मी म्हटलं, पाण्याकडे लक्ष दे. तिसऱ्या वर्षीही घड नाही म्हटल्यावर मी हसून म्हणालो, 'तुझ्या हाताला गुणच नाय गं.' आमचा द्राक्षांचा तोडा चालू होता, फोन स्पीकरवर होता. माल भरणाऱ्या बायका हसल्या, तीही हसली. मग म्हणाली, 'ठेवते नाना, काम आहे.'

त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाने बागेची सगळी छाटणी अंगावर घेतली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला ऑक्टोबर मोकळा मिळाला. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. नाशिकमध्ये घामाने शर्ट अंगाला चिकटत होता आणि तिथे उतरलो तर हवेत गारवा, झाडांना नवी पालवी. 'वसंत आहे इथे,' ती म्हणाली. मी मान डोलावली. विमानतळावर बायकोने स्वेटर पुढे केला, तो घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आधी वेल बघायला गेलो. फुटवे हातभर झाले होते. प्रत्येक फुटव्यावर दोन-दोन घड आणि त्यांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या कळ्या. एकसारखे, सशक्त घड. आमच्याकडे एवढी फूट यावी म्हणून छाटल्यावर काडीच्या डोळ्या-डोळ्याला औषध लावत मजूर फिरतात. इथे या फुटीसाठी वेलीला कोणी हात लावला नव्हता. ती थंडीत पानं गाळून झोपली होती आणि ऊब आल्यावर आपली आपण उठली होती. आमची वेल बाराही महिने जागी असते आणि आम्ही कात्री लावली की फुटते. मी माणसांपुरते ऋतू उलटे धरले होते. वेलीलाही तिथलीच थंडी वाजणार, एवढं डोक्यात आलं नाही.

हे फालतू घड नव्हते. वर्षभराचं पीक ते एवढंच होतं आणि तीन वर्षं मी ते तिच्याच हाताने कापून घेतलं होतं. मला मनापासून शरम वाटली.

तेवढ्यात ती कात्री घेऊन आली. 'म्हटलं, या वेळी तुमच्यासमोरच छाटावी. यंदाही द्राक्षं लागली नाहीत तर वेल काढूनच टाकणार आहे. तिथे गुलाब लावीन.'

'का?'

'माझ्या हाताला गुण नाही ना.' तिने हे सहज म्हटलं, जसं कोणी आपल्या चष्म्याचा नंबर सांगावा. तिला ते पटलेलं होतं.

'यंदा राहू दे, छाटू नको,' एवढं म्हणून निसटता आलं असतं. घड लागले असते, ती खूश झाली असती, वर माझा पायगुण ठरला असता. खोटं कशाला सांगू, तो विचार माझ्या मनात आला होता. मी तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

'माझं चुकलं,' मी म्हणालो. 'इथं आत्ता छाटायचीच नसती. थंडीत, झोपलेली असताना छाटायची, एकदाच. तू कापलेस ते खरे घड होते. तिन्ही वर्षांचे.'

ती वेलीजवळ वाकली. मग एक घड तळहातावर घेऊन म्हणाली, 'मला दर वर्षी वाटायचं, कापू नये.'

'मग थांबायचं ना.'

'तुम्ही सांगितलं होतं, नाना.'

मी कात्री मिटून खिशात घातली. आत गेलो तर बायकोने चहा गाळला होता. तो तसाच निवला.

फेब्रुवारीत आमच्या बागेत तोडा चालू होता. पॅकहाऊसची गाडी उभी होती, बायका क्रेट भरत होत्या. तिचा व्हिडिओ कॉल आला. वेलीवर घड लोंबत होते, मणी लहान आणि एकमेकांत दाटलेले. विरळणी केलीच नव्हती तिने. एकाही मण्याला कात्री लावली नव्हती. माझ्या बागेत असा घड कोणी ठेवला असता तर मी बांधावरूनच ओरडलो असतो.

'कसे आलेत?' तिने विचारलं.

'खाऊन सांग.'

तिने एक मणी तोडला. 'गोड आहेत.'

मी फोन स्पीकरवर टाकला आणि क्रेट भरणाऱ्या बायकांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. 'तुझ्या हाताला गुण हाय,' मी मोठ्याने म्हणालो.

तिने कॅमेरा चटकन वेलीकडे वळवला. तिचा चेहरा काही मला दिसला नाही. मी घड बघत राहिलो.