उजेड नीट पडत नाही म्हणून

नोकरी सुटल्यावर मी घरीच फोटो काढायचं काम धरलं. जयपूरच्या चारदीवारीतले, म्हणजे जुन्या शहरातले, दोघे-तिघे चांदीचे दागिने विकणारे मला काम द्यायला तयार होते, पण खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो त्यांना पसंत पडेनात. एकाने तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, ये चांदी नहीं, स्टील लग रही है." स्टुडिओतले मोठे दिवे मला परवडणारे नव्हते. म्हणून मी दोन दिव्यांचा साधा संच आणला. दोन घडीचे स्टँड, एलईडी बल्ब, आणि उजेड मऊ पडावा म्हणून बल्बवर बसवायच्या, पुढून पांढरा पडदा असलेल्या कापडी पेट्या.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते, बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर विद्याधर नगरातच राहिले. रविवारी सकाळी मागची खोली रिकामी करताना ते माझ्यापेक्षा खूश होते. चष्मा लावून त्यांनी संचाबरोबरचा कागद पॉलिसी वाचावी तसा अथपासून इतिपर्यंत वाचला. दिवे लावल्यावर एक बल्ब दुसऱ्यापेक्षा पिवळा निघाला आणि माझं डोकं फिरलं.

"स्वस्तातलं घेतलं की हे असं!"

"अगं, एखादा फोटो काढून तर बघ," बाबा म्हणाले आणि स्वतःच स्टुलावर जाऊन बसले.

पहिले चार-पाच फोटो छान आले. मग पार्श्वभूमीसाठी मागे बांधलेली चादर ढिली पडली, ती मी पुन्हा ताणून बांधली आणि परत कॅमेऱ्याशी आले. आता त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू ओघळल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, सावली पडतेय. त्या बाजूचा दिवा मी पुढे ओढला.

"बाबा, नीट हसा ना."

"हसतोय की," ते म्हणाले. शब्द जरा जड आले. त्यांना सुपारीची सवय होती.

"आधी ती सुपारी थुंकून या बरं. मतलब, एवढी मी मेहनत करतेय आणि तुम्ही..."

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. तोंडात सुपारी नव्हतीच, हे मला नंतर कळलं. मध्येच त्यांनी ओठ पुसायला उजवा हात उचलला, तर मी "हलू नका" म्हणून ओरडले.

मग मी दोन्ही दिव्यांची अदलाबदल केली. सावली या गालावरून त्या गालावर गेली, पण तोंड तसंच वाकडं राहिलं. तरीही मी दिव्यांनाच दोष देत होते. पेट्या काढल्या, पुन्हा बसवल्या, स्टँड वरखाली केले. इतका वेळ मी त्यांच्याकडे फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यातून बघत होते.

आई भाजी काय करू विचारायला दारात आली आणि तिथेच थांबली.

"अहो, तोंड असं काय करताय?"

तेव्हा मी मान वर केली. आईने त्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा आला. डावा मांडीवरच पडून राहिला.

शेजाऱ्यांनी गाडी काढली. रस्ताभर मी बाबांचं डोकं खांद्यावर धरून बसले होते. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शुरू कब हुआ? सही टाइम बताइए, इंजेक्शन उसी हिसाब से देना है." आईला रडू आवरेना. कॅमेरा माझ्या गळ्यात तसाच लटकत होता. प्रत्येक फोटोवर वेळ असते. पावणेअकराच्या फोटोत बाबा नीट हसत होते, अकराला सात मिनिटं असतानाच्या फोटोत ओठ उतरला होता. डॉक्टरांनी दोन्ही पाहिले आणि ते घाईने आत गेले. पुढचे फोटो त्यांनी बघितले नाहीत. ते साडेअकरापर्यंतचे होते.

मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन वेळेत मिळालं. दहा दिवसांनी बाबा घरी आले. आता ते काठी घेऊन चालतात. बोलणं बरंचसं सुधारलंय, पण डाव्या हाताने शर्टाचं बटण अजून लागत नाही, आणि मी लावायला गेले की चिडतात. व्यायाम शिकवायला एक बाई येतात. बाबा कधी तो करतात, कधी भिंतीकडे तोंड करून झोपून राहतात. त्या सकाळचं त्यांना चादर बांधण्यापर्यंतच आठवतं.

चांदीच्या कामासाठी मी तेच दिवे वापरते. फोटो चांगले येतात, दुकानदारांची तक्रार नाही.

परवा साताऱ्याहून आत्याचा फोन आला होता. आई तिला सांगत होती, "हिच्या फोटोंमुळे वाचले गं. डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले." मी शेजारी बसून बाबांसाठी सफरचंद चिरत होते. आईने फोन माझ्याकडे दिला. आत्या म्हणाली, "गुणाची गं माझी पोर." मी नुसतं "हं" म्हटलं आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.