मोकळ्या जागेतला चेंडू

भिलाईत माझ्या पायांना काय झालं, हे मला कोणी नीट विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पाय तेच होते.

नागपूरला मी एका मिलच्या संघातून डाव्या कडेने खेळायचो. शेजारी इनसाइड लेफ्टला माझा मित्र असायचा. आमची वस्ती एक, मिल एक, आणि चिंध्यांच्या चेंडूपासूनचा खेळही एकत्रच. त्याचा डावा खांदा जरासा झुकला की मी चेंडूकडे न बघताच पळत सुटायचो. शेवटच्या बॅकच्या मागे, जिथे कोणीच नसायचं, तिथे मी आणि चेंडू बरोबरच पोचायचो. लोक माझ्या वेगाला टाळ्या वाजवायचे. मलाही वाटायचं, ही सगळी माझीच करामत. त्याला कोणी विचारत नसे, आणि तोही बापडा हसण्यावारी न्यायचा.

मग कारखान्याचं बोलावणं आलं. भिलाईत तेव्हा भट्ट्या उभ्या राहत होत्या आणि कारखान्याला फुटबॉलचा संघ हवा होता. खेळाडू म्हणून नोकरी, जनरल शिफ्ट, दुपारनंतर सरावाला सुट्टी, सेक्टरमध्ये क्वार्टर. घरात नळ बघून बायकोला रडूच आलं. अट एकच, संघात टिकायचं. नाही टिकलो तर कोक ओव्हनच्या आगीपुढे, तिन्ही शिफ्टमध्ये.

संघ चांगला होता, उगीच खोटं बोलत नाही. बंगाल, केरळ, पंजाब, कुठून कुठून आणलेले एकापेक्षा एक गडी. पण त्यांची रीत वेगळी. चेंडू थांबवायचा, मान वर करायची, माणूस बघायचा आणि मग त्याच्या पायात द्यायचा. तोवर मी बॅकच्या पलीकडे गेलेलो असायचो आणि लाइन्समनचं निशाण वर, ऑफसाइड. लाल मुरमाच्या त्या मैदानावर मी ऊर फुटेस्तोवर धावायचो आणि हात हलवत परत यायचो. कारखाना उभारायला आलेले, खुर्च्या टाकून बसणारे रशियन इंजिनियरसुद्धा निशाण वर गेलं की हसायचे. खात्यात माझं नाव ‘ऑफसाइड’ पडलं. आपल्या गल्लीत कुत्राही शेर असतो, हेही ऐकून झालं. मी चिडायचो आणि घरी येऊन ताट सरकवायचो. बायकोने एकदा बजावून सांगितलं, वापस जायचं नाव काढू नका. जायचं म्हटलं तरी कुठे जाणार होतो? मिलच्या संघात माझ्या जागी दुसरा आला होता.

ट्रेनर कडक होता, पण वाईट नव्हता. त्याने समजावलं, आधी पळू नकोस, चेंडू पायात आला की पळ. मी थांबायला शिकलो. शिकलो कसला, दावणीच्या गोऱ्ह्यासारखं पायांना बांधून ठेवलं. निशाण वर जायचं बंद झालं, आणि आता कोणताही बॅक मला आरामात गाठू लागला. फार वाईट दिवस होते ते.

हंगाम संपत आला तेव्हा मी ट्रेनरपुढे हात जोडले. म्हटलं, नागपूरला माझा जोडीदार आहे, एकदा त्याला माझ्या शेजारी खेळवून बघा. तो म्हणाला, एक सराव सामना देतो, जमलं तर दोघंही राहा, नाही तर तुझं कोक ओव्हन ठरलेलं. मित्र मिलमध्ये रजा टाकून आला. मी इतका निश्चिंत होतो की निघताना बायकोला सांगून ठेवलं, मटणाला तर्री जरा जास्त सोड.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात चेंडू त्याच्याकडे आला. त्याचा खांदा झुकला. मला तो स्वच्छ दिसला. आणि मी उभा राहिलो. आता तो मान वर करेल, मला बघेल, पायात देईल, म्हणून वाट बघत राहिलो. चेंडू बॅकच्या मागे, आमच्या नेहमीच्या मोकळ्या जागेत गेला आणि तिथून घरंगळत रेषेबाहेर. पुढच्या वेळी तेच. मग मी जिवाच्या आकांताने ठरवून पळालो, पण ठरवण्यातच उशीर झाला. ट्रेनर त्याच्यावरच ओरडला, “देख के दे, वहाँ कौन खड़ा है?” हाफटाइमला त्याने आम्हा दोघांनाही बाहेर बसवलं.

मित्र बूट सोडत बसला. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं,

“कावून थांबला बे? मी त नेहमीच्याच जागी देल्ला.”

“मले वाटलं, तू आधी पाहशील.”

त्याने बुटाची नाडी तशीच हातात धरली. “तुले पाहून देल्ला का मी कधी?”

तो जेवायलाही आला नाही, दुर्गहून परस्पर नागपूरची पॅसेंजर धरून गेला. घरी बायकोने तिघांची ताटं मांडून ठेवली होती.