फ्रिजवरची चादर

"कलेपुढे सगळे सारखे असतात." हे वाक्य कौस्तुभनं मला आमच्या फ्रिजवर चादर टाकता टाकता ऐकवलं. फ्रिज फ्रेममध्ये येत होता. गाण्यातल्या मुलीच्या घरी फ्रिज असणं त्याला पटत नव्हतं.

गाण्यातली मुलगी मीच. गाणं माझं, आवाज माझा. आई लहानपणी निफाडला लोकांच्या द्राक्षबागेत कामाला जायची. घडांची विरळणी करताना बायका गाणी म्हणायच्या, त्यातल्या दोन ओळी तिला आठवत होत्या. बाकीचं मी रचलं. कॉलेजांच्या स्पर्धेसाठी आमच्या वर्गानं त्याचा म्युझिक व्हिडिओ करायचं ठरवलं. दिग्दर्शक कौस्तुभ. पडद्यावर मी कशी दिसणार, याची बैठक कँटीनमध्ये झाली. मला ती झाल्यावर कळलं. कागदावर काढलेल्या सगळ्या चित्रांत मी अनवाणी होते. एकात चूल फुंकत होते.

"मी आयुष्यात चूल पेटवलेली नाही," मी म्हटलं.

"अगं, ते प्रतीक आहे."

आमच्या विभागात ज्यावर चर्चा नको असते, ते प्रतीक असतं.

मग तो आणि कॅमेरा सांभाळणारी सई आमचं घर बघायला आले. नाशिकरोडला, दुसऱ्या मजल्यावर. वडील एसटीत ड्रायव्हर, आई अंगणवाडी सेविका. आदल्या दिवसापासून आईनं घर घासलं होतं. धुतलेले पडदे, पोह्यांवर ओलं खोबरं, अंगावर ठेवणीतली अबोली साडी. कौस्तुभ दारातच हिरमुसला.

"फारच नीट आहे यार," तो सईला हळूच म्हणाला. "वाटतच नाही."

काय वाटत नाही, ते त्यानं सांगितलं नाही. माझं आडनाव त्याला माहीत होतं. त्या आडनावाचं घर त्यानं डोक्यात आधीच बांधून ठेवलं होतं, आणि आमचं घर त्याच्याशी जुळत नव्हतं. चूक अर्थातच आमच्या घराची.

पडदे उतरले. फ्रिजवर चादर आली. मग तो आईकडे वळला.

"काकू, एखादी जुनी साडी असेल ना? फाटकी असली तर बेस्ट."

"बघते हं," म्हणत आई आत गेली. कॉलेजची मुलं काही मागतात म्हणजे त्यात काहीतरी अभ्यासाचं असणार, हा तिचा विश्वास.

परत दारात आली तेव्हा तिच्या अंगावर फरशीची फडकी करायला काढून ठेवलेली साडी होती. अजून फाडायची राहिलेली. फिनेलच्या बाटलीशेजारी पडून असायची, तोच वास तिला. फाटलेला भाग समोर यावा म्हणून आईनं पदर मुद्दाम उलट्या बाजूनं घेतला होता.

"अशी चालंल का?"

"कमाल, काकू. फक्त नजर जरा खाली."

तिनं नजर खाली केली.

बँकेतल्या साहेबाला 'मराठीत बोला' म्हणून सुनावणारी बाई. माझी आई.

दारातली ती आई अजून डोळ्यांपुढून हलत नाही. माईकसमोर उभी राहिले की आधी फिनेलचा वास येतो. मग ती दिसते, पदर सारखा करणारी. पहिली ओळ मी पुन्हा सुरुवातीपासून घेते. झोपेतही ती विचारते, चालंल का. झोपेत मी हो म्हणते. दर वेळी.

त्या दिवशी मात्र मी फ्रिजवरची चादर ओढली.

"कॅमेरा बंद कर. मी गाणार नाही."

सईनं लगेच बंद केला. कौस्तुभला मात्र समजेना.

"अगं, तुझ्याच लोकांसाठी करतोय ना हे."

"माझे लोक म्हणजे कोण?"

"म्हणजे... तसे."

तसे. एवढ्याशा शब्दात आम्ही सगळे मावलो. वडील, त्यांची एसटी, आईची अंगणवाडी, दुसरा मजला.

"राहू दे गं," आई म्हणाली. "पोरं लांबून आलीत."

नाशिकमधल्याच गंगापूर रोडवरून. स्कूटरवर.

ते गेले. आई साडी बदलायला गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "त्यांना आवडली नव्हती का?"

 आता ठरलंय. माझा आवाज जिथे जाईल तिथे मी कशी दिसणार, हे मी ठरवणार. बैठकीत मी नसेन तर गाणंही नसेल. माझ्या माणसांना कुणी नजर खाली करायला सांगितली, की तिथेच थांबायचं. समजावून सांगत बसायचं नाही.

व्हिडिओ नंतर मीच केला. देवळाली कॅम्पच्या मामेभावानं मोबाइलवर काढला. आई त्यात पूर्ण वेळ थेट कॅमेऱ्यात बघते. पाहणारे अजून तरी बहुतेक नातेवाईकच आहेत, आणि निफाडच्या मावशीचं म्हणणं आहे की मी लय मोठ्यानं गाते.