पोत्यांच्या खोलीतला भूप

बारदानाचा वास आला की मला माझ्या मुलीचा भूप ऐकू येतो. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि पुण्याच्या एका सरांकडून मोबाइलवर गाणे शिकत होती. रिसोडजवळच्या आमच्या घरावर पत्रे असल्यामुळे तिचा प्रत्येक स्वर घुमून दुहेरी होई. एकदा सर म्हणाले, "सूर लागतोय की नाही, हेच मला कळत नाही. पुढच्या रविवारीही असेच झाले, तर शिकवणी थांबवू." मुलगी रडवेली झाली. "माहा सूर बराबर लागते वो आई, त्याइलेच ऐकू येत नाई!" शाळेत मी मुलांना आधी पडताळा घ्यायला शिकवते, म्हणून घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन एक टाळी वाजवली आणि तिचा नाद किती रेंगाळतो, ते ऐकले. सोयाबीनची पोती पत्र्यांपर्यंत रचलेल्या खोलीत टाळी जागीच विरली. रविवारी मुलगी तिथेच एका पोत्यावर बसली आणि समोरच्या पोत्यावर, हातभर अंतरावर, मी मोबाइल ठेवला. शेजारीण दारातून हसली, "काहून वो मॅडम, पोरीले बी बाजारात नेऊन राह्यल्या का?" मुलीने डोळे मिटून भूपाचे आरोह-अवरोह गायले. पलीकडे शांतता पसरली. "गेलं वाटते नेटवर्क," ती पुटपुटली. "नाही गं, ऐकत होतो," सर म्हणाले, "आता बंदिश घेऊ." पहिली टाळी शेजारणीनेच वाजवली. ते सोयाबीन केव्हाच विकले गेले. रिकामी पोती मात्र मी त्या खोलीच्या भिंतींवर टांगून ठेवली आहेत, आणि आज तिथे शेजारणीची नातही गायला बसते.